सहा देशांऐवजी अडीच

पत्र : ताई, मी २८ वर्षांची, मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. मे अखेरीपासून दीड महिन्याची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. पाठीवर सॅक घेऊन एकटीने दक्षिण अमेरिका फिरायची आहे : कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना. सोबत ४५ दिवसांचा तक्ता जोडला आहे. पाच लाख साठवले आहेत. दर महिन्याला सह्याद्रीत ट्रेक करते, त्यामुळे चालायची भीती नाही. पूर्ण शाकाहारी आहे. स्पॅनिश येत नाही. कामासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा अजून दोन वर्षं चालेल. बाबा काही बोलत नाहीत. आई म्हणते, तू तिकडे असेपर्यंत मला झोप लागणार नाही. जाऊ का? आणि गेले तर एवढं सगळं होईल का? – नाशिकची मुलगी

उत्तर :

जा. रजा मंजूर आहे, पैसे स्वतःचे आहेत, पाय चालते आहेत. जाण्याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही. शंका आहे ती तुझ्या तक्त्याबद्दल.

तो मी दोनदा वाचला. ४५ दिवसांत सहा देश, चौदा गावं, नऊ विमानं. मग पेन घेऊन बसले आणि फक्त प्रवासाचे दिवस मोजले : विमानतळ, बस, सीमेवरची रांग. सतरा भरले. ज्या दिवशी तू पहाटे उठून सॅक भरतेस आणि रात्री दुसऱ्याच गावात खोली शोधतेस, त्या दिवशी तू कुठेच नसतेस.

नकाशावर तो खंड आटोपशीर दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ १ कोटी ७८ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या देशाच्या पाचपटीहून जास्त. शिवाय मध्ये अँडीज उभा. आपण नाशिकहून रात्री बसमध्ये बसतो आणि सकाळी नागपुरात उतरतो. पेरूची राजधानी लिमा ते तिथलंच कुस्को हे अंतर साधारण अकराशे किलोमीटर, पण बस वीस-बावीस तास घेते, कारण डोंगर चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा असतो. तेव्हा कोलंबिया, इक्वेडोर आणि अर्जेंटिना या वेळी सोडून दे. पेरू, बोलिव्हिया आणि चिलीचा उत्तरेकडचा कोपरा एवढंच घे. अडीच देश. लिमात उतरायचं, पुढे सगळं जमिनीवरून आणि परतीचं विमान चिलीची राजधानी सान्तियागोहून. हा एक सलग रस्ता आहे, आणि त्याला ४५ दिवस कसेबसे पुरतात.

जमिनीवरून जा असं म्हणण्यामागे पैसा वाचवण्यापेक्षा मोठं कारण आहे, ते म्हणजे उंची. तुझ्या तक्त्यात या शब्दाचा पत्ताच नाही, म्हणून इथे थोडी थांबते.

कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे तिथला भाजीबाजारसुद्धा कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर भरतो. टिटिकाका तलावाचं पाणी ३,८१२ मीटरवर. बोलिव्हियातलं ला पाझ साडेतीन हजारांच्या पुढे आणि त्याला लागून असलेलं एल आल्तो चार हजारांच्याही वर. तिथे याला ‘सोरोचे’ म्हणतात, विरळ हवेचा त्रास. तू दर महिन्याला हरिश्चंद्रगड चढतेस याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दणकट, तरुण ट्रेकर आडवे होतात आणि साठीच्या बाई निवांत फिरतात. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो.

मी तो दिला नव्हता. लिमाहून सकाळच्या विमानाने निघाले, दीड तासात समुद्रसपाटीवरून कुस्कोत उतरले आणि सॅक टाकून तशीच गाव बघायला बाहेर पडले. संध्याकाळी हॉस्टेलच्या जिन्यावर चौथ्या पायरीला थांबावं लागलं. रात्री डोकं असं दुखत होतं की उशीला टेकवता येईना. पाणी प्यायले तरी उलटी. पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी मुलीने रात्रभर माझ्याजवळ बादली धरली. दोन दिवस तसेच गेले. माचू पिच्चू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी नगराचं तिकीट तारीख आणि वेळ घालून मिळतं, माझं त्या दोन दिवसांतलं होतं. ते वाया गेलं.

म्हणून तू असं कर. लिमात तीन दिवस. मग दक्षिणेला समुद्रकाठाने पाराकास, वाकाचिनाचे वाळूचे डोंगर. तिथून रात्रीच्या बसने आरेकिपा, उंची २,३०० च्या आसपास. हे गाव पांढऱ्या ज्वालामुखी दगडाने बांधलंय आणि मागे मिस्ती नावाचा ज्वालामुखी आहे. इथे पाच-सहा दिवस राहा. कोल्का दरीचा ट्रेक इथूनच होतो. तुझ्या पायांना तो आवडेल, फक्त आरेकिपात दोन-तीन रात्री काढल्याशिवाय निघू नकोस, कारण दरीकडे जाणारा रस्ता ४,९०० मीटरच्या खिंडीवरून जातो. मग कुस्को. कुस्कोत पोचलीस आणि डोकं जड वाटलं, तर मुक्काम न करता तडक खाली ओयान्तायताम्बोला जा. ते सहाशे मीटर खाली आहे, माचू पिच्चूची गाडीही तिथूनच सुटते. माचू पिच्चू स्वतः २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून हजार मीटर खाली. बहुतेकांना हे उलटं वाटत असतं. जूनमध्ये गर्दी असते, २४ जूनला तर कुस्कोत इन्ती रायमीचा मोठा उत्सव. त्यामुळे प्रवासाला निघण्याआधी, घरी बसूनच तिकीट काढ आणि दाराशी मूळ पासपोर्ट घेऊन जा.

उंचीच्या त्रासावरच्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या बरोबर ठेव, पण तुझ्या डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांग. आणि एक गोष्ट पाठ कर : बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी खाली उतरायचं, टॅक्सी करून, कितीही पैसे लागोत. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पेरू-बोलिव्हियात तो कायदेशीर आहे, बरं वाटतं, जरूर पी. मात्र त्याची एक पिशवीसुद्धा आठवण म्हणून सॅकमध्ये टाकू नकोस. आपल्याकडे कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

जमिनीवरून गेल्याने जे दिसतं, त्यातलं एकच सांगते. पेरूतल्या पुनोहून टिटिकाका तलावाच्या कडेने सीमा ओलांडली की बोलिव्हियाचं कोपाकाबाना लागतं. तिथून ला पाझला जाताना मध्ये तिकिना येतं. तलाव इथे इतका अरुंद होतो की पलीकडची घरं मोजता येतात, पण पूल नाही. बस थांबते, सगळ्यांनी खाली उतरायचं, खिडकीवर छोटं तिकीट घ्यायचं आणि मोटारबोटीत बसायचं. बस मात्र वेगळी येते. तिला लाकडी फळ्यांच्या सपाट तराफ्यावर चढवतात, एक माणूस बांबूने रेटा देतो आणि आपल्या सगळ्यांच्या सॅक पोटात घेतलेली ती अख्खी बस डुलत डुलत पाण्यावरून यायला लागते. माझ्या शेजारची आजी, दोन वेण्या, गोल टोपी, पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं बोचकं, शांतपणे मक्याचे दाणे खात होती. मी एकटीच श्वास रोखून उभी होते. काठावर बोलिव्हियाचे नौसैनिक दिसले. समुद्र नसलेल्या देशाचं नौदल! १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात त्यांचा किनारा चिलीकडे गेला, पण त्यांनी नौदल मोडलं नाही आणि समुद्रावरचा हक्कही मनातून सोडला नाही. विमानाने ला पाझला गेले असते तर यातलं काहीही कळलं नसतं. आणि व्यवहाराचं म्हणजे, बसमधून उतरताना पासपोर्ट, पैसे आणि फोन अंगावर घेऊनच उतर. तिकिनाला, आणि बाकी सगळीकडेही.

ला पाझनंतर सूक्रेला आठवडाभर राहा. २,८०० मीटर, हवा सौम्य, पांढरीशुभ्र घरं. इथे स्पॅनिशची शिकवणी स्वस्तात मिळते, रोज तीन-चार तास. खरं तर हे सुरुवातीला आरेकिपातच केलंस तर जास्त उपयोगी. स्पॅनिश येत नाही म्हणून घाबरू नकोस. मराठी माणसाला ती इंग्रजी माणसापेक्षा सोपी जाते. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, स्वर पाचच आणि स्वच्छ, ञ हा आपल्याकडे नुसता मुळाक्षरांत उरलेला आवाज त्यांच्याकडे रोजच्या बोलण्यात. टेबल ‘ती’ का आणि पुस्तक ‘तो’ का, हा प्रश्न तीन लिंगं सांभाळणाऱ्या आपल्याला पडत नाही. छोटी वही कर आणि वाक्यं देवनागरीत लिही. ‘कुआन्तो कुएस्ता’ म्हणजे केवढ्याला, ‘दोन्दे एस्ता एल बान्यो’ म्हणजे बाथरूम कुठे आहे. इंग्रजी अक्षरांतून वाचलंस तर उच्चार बिघडतील.

आता खाणं. सूत्र असं की ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणून थांबायचं नाही. ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या लेखी फक्त लाल मांस, मग कोंबडी घातलेलं ताट समोर येतं आणि वाढणाऱ्या बाईंना आपलं काही चुकलं असं वाटतही नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, असं तिन्ही म्हण. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, तेव्हा ‘काल्दो दे पोयो?’ असं विचार. तामालमध्ये, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठात, डुकराची चरबी असते, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. दुपारी ‘मेनू देल दिया’ म्हणजे आपली राइस प्लेट, सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत. पेरूत अनेक ठिकाणी सोमवारी मसूर करण्याची रीत आहे, त्या दिवशी तुझी चैन. बोलिव्हियात सकाळी बाजारात ‘आपी’ पी : जांभळ्या मक्याचं दाट, गरम, दालचिनी-लवंगेचं पेय, सोबत तळलेला पातळ बुन्युएलो. उणे थंडीत दोन्ही हातांनी तो पेला धरल्यावर जे वाटतं ते मला अजून आठवतं.

आणि उपाशी राहशील ही भीती तर काढूनच टाक. आषाढीला आई तुला काय वाढते ते आठव. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा तिकडचा. बटाटा अँडीजमधला, टिटिकाकाच्या आसपास माणसाने तो हजारो वर्षांपूर्वी लावायला सुरुवात केली. शेंगदाणा बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातला. मिरची, रताळं हीसुद्धा अमेरिकेतलीच. आपलं उपासाचं जवळजवळ सगळं ताट पोर्तुगीज आणि त्यांच्या मागून आलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इकडे आलं. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांनी दिला. तू त्या ताटाच्या माहेरी चालली आहेस. कुस्कोच्या बाजारात बटाट्यांची रास बघ, जांभळे, काळे, गुलाबी, आल्यासारखे वाकडे. आईला फोटो पाठव.

एकटीने फिरण्याबद्दल. धोका आहे, तो लपवणार नाही, पण त्याचं स्वरूप समजून घे. सर्वांत जास्त होते ती चोरी. रस्त्यात फोन हातात धरून नकाशा बघत उभी राहू नकोस, दुकानात शिर आणि बघ. बसमध्ये छोटी पिशवी वरच्या फळीवर किंवा पायाशी ठेवायची नाही, मांडीवर ठेवायची आणि पट्टा हातात गुंडाळायचा. कोणी अंगावर काही सांडलं आणि दुसरा पुसायला धावला, तर पुसू देऊ नकोस, चालत राहा. साध्या कपड्यातला माणूस ‘पोलीस’ म्हणून पासपोर्ट मागायला लागला आणि गाडीत बस म्हणाला, तर बसायचं नाही. हॉटेलवर चल, तिथे दाखवते, असं म्हणायचं. नव्या गावात अंधार पडल्यावर पोचायचं नाही, हा नियम मी आजही मोडत नाही. रात्रीची बस घ्यायची ती सकाळी पोचणारी, थोडे जास्त पैसे देऊन चांगल्या कंपनीची, आणि जागा खालच्या मजल्यावर पुढची. उतरल्यावर टॅक्सी अ‍ॅपवरून किंवा हॉस्टेलला सांगून. कुठे नको वाटलं तर कारण शोधत बसू नकोस, निघ. इतकी वर्षं पुण्यात रात्री ऑफिसमधून घरी येतेस, ती जाण तिकडेही तुझ्याबरोबरच असेल.

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानाची जीपची सहल मात्र एकटीने होत नाही, सहाजणांत वाटून घ्यायची. तीन दिवस, शेवटी थेट चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाला सोडतात. स्वस्तातली स्वस्त घेऊ नकोस. आदल्या संध्याकाळी जीप बघायला माग, टायर बघ, प्रत्येकाला पट्टा आहे का बघ, चालकाशी दोन शब्द बोल. जूनच्या रात्री तिथे तापमान शून्याच्या खूप खाली जातं, झोपायची जाड पिशवी भाड्याने घे. चिलीच्या सीमेवर फळं, बिया, मध, दाणे काहीही असलं तरी अर्जावर ‘आहे’ असंच लिही. आईने दिलेले डिंकाचे लाडू उरले असतील तर तेही लिही. लिहिलं तर फार तर ते काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड.

दीड महिन्यात किमान पाच दिवस कोरे ठेव. पेरू आणि बोलिव्हियात रस्ते अडवून आंदोलनं होतात, ‘ब्लोकेओ’ म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये तर आंदोलनामुळे माचू पिच्चूच बंद ठेवावं लागलं होतं. असा अडथळा आला तर तो ओलांडायचा प्रयत्न करू नकोस, आहेस तिथेच थांब. लोकांचं काहीतरी म्हणणं असतं म्हणून ते रस्त्यावर बसलेले असतात, आपली सहल त्यांच्यापेक्षा मोठी नाही.

पैसे पुरतील. विमानाचं दीड लाख धर, पेरू-बोलिव्हियात उरलेल्यातून नीट भागतं, चिली महाग आहे म्हणून तिथे थोडेच दिवस. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत घे; जरा फाटलेली असली तरी तिकडे कोणी घेत नाही. तुझ्या अमेरिकी व्हिसावर पेरूत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं, फक्त त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. बोलिव्हिया आणि चिलीचं त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातींना लेखी विचार आणि उत्तराची प्रत जवळ ठेव. हे नियम बदलतात, आणि विमान कंपनीच्या खिडकीवर ओळखीच्यांच्या सांगण्याला किंमत नसते.

राहता राहिली आई. तिला पटवायला जाऊ नकोस, तिच्याबरोबर बस. मोठा नकाशा आण आणि हा रस्ता तिच्या हातून पेन्सिलने काढून घे. कुठल्या रात्री कुठे, ते तिच्या वहीत तिच्या अक्षरात असू दे. पेरूचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तुझे रात्रीचे साडेआठ म्हणजे नाशिकचे सकाळचे सात, तिच्या चहाची वेळ. रोज तेव्हा दोन मिनिटं फोन कर, बोलिव्हियात गेलीस की साडेनऊला. आणि उयुनीच्या तीन दिवसांत फोन लागणार नाही, हे आधीच सांगून वहीत त्या तारखांभोवती गोल करून ठेव. तिची झोप तुझ्या जाण्याने उडेल असं मला वाटत नाही. न कळवता गप्प झालेल्या फोनने मात्र नक्की उडेल. बाबा काही बोलत नाहीत म्हणतेस, तर त्यांना एक काम दे : विम्याची कागदपत्रं त्यांना वाचायला दे, त्यात उंचीवरचा आजार आणि तिथून खाली आणण्याचा खर्च धरलाय का ते त्यांना तपासू दे.

आणि पहिलं काम पिवळ्या तापाच्या लशीचं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जाणार नसलीस तरी ती घे. पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहेत आणि परत येताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून घरी जाण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती फक्त ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात केंद्र आहे. उद्या फोन कर.